अपघाताची नोंद कोणासाठी?

महामार्गावर अपघात झाला की त्याची पहिली सरकारी नोंद पोलीस करतात. रस्ता बांधणारा अभियंता तिथे उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, जखमींवर उपचार करणारे डॉक्टर आपली नोंद निराळ्या रजिस्टरात ठेवतात आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला गाडीच्या नुकसानीपलीकडे फारसे काही पाहायचे नसते. त्यामुळे बहुतेक देशांत महामार्ग सुरक्षेचे धोरण ज्या आकड्यांवर उभे असते, ते आकडे मुळात पोलीस ठाण्यातल्या कागदातून आलेले असतात. हा कागद तयार होतो तो दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी. पुढचा अपघात कशाने टळेल, हा प्रश्न तो कागद लिहिणाऱ्याला कोणी विचारलेलाच नसतो. मग वर्षाअखेरीस लाखो कागदांची बेरीज करून त्याच प्रश्नाचे उत्तर त्यांतून काढायचा प्रयत्न होतो. अपघातांची आकडेवारी वाचताना मला वारंवार जाणवणारी अडचण ती हीच.

नोंद प्रत्यक्षात कशी होते हे जवळून पाहिले, तर लिहिणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. रात्रीची वेळ, एक मार्गिका बंद, मागे दूरवर लागलेली वाहनांची रांग. जखमींना रुग्णवाहिकेत चढवणे, क्रेन बोलावणे, रस्त्यावरच्या काचा बाजूला करणे, बघ्यांना हटवणे, वाहतूक सुरू करणे ही सगळी कामे आधी उरकावी लागतात. ती झाल्यावर अंमलदार टॉर्चच्या उजेडात फॉर्म भरायला घेतो. प्रकाश कसा होता, रस्ता ओला होता की कोरडा, वळण होते की सरळ भाग, चालकाचे वय किती, सीटबेल्ट लावला होता का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याने कुठून द्यावे? जखमीला बाहेर काढणाऱ्यांनी पट्टा केव्हाच सोडवलेला किंवा कापलेला असतो, आणि चालक शुद्धीवर असला तर तो 'लावला होता' असेच सांगणार. ब्रेक दाबल्याच्या टायरच्या खुणा मोजाव्यात, तर क्रेनने गाडी त्यांच्यावरूनच ओढत नेलेली. ठिकाणाच्या रकान्यात जवळच्या गावाचे नाव आणि 'पुलाच्या अलीकडे' एवढेच पडते. पुलाच्या अलीकडे म्हणजे कोणत्या दिशेने जाताना, हे त्या रात्री तिथे असणाऱ्यालाच ठाऊक असते.

या फॉर्मातला सर्वांत फसवा रकाना म्हणजे कारणाचा. भारताच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या वार्षिक अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत, आणि त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंपुढे 'अतिवेग' हे कारण लावले आहे. वेग घातक असतो याबद्दल दुमत नाही, भौतिकशास्त्रच ते सांगते. पण यांपैकी किती प्रकरणांत वेग कोणी मोजला होता? फिर्यादीतली 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून' ही शब्दावली ठरलेली असते, कारण गुन्हा ज्या कलमांखाली दाखल होतो त्यांना हयगय किंवा निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. तोच मजकूर पुढे सांख्यिकीच्या तक्त्यात उतरला, की न्यायालयासाठी घडवलेले वाक्य देशाच्या अपघातांचे निदान होऊन बसते. ब्रिटनमध्ये २००५ पासून पोलिसांच्या फॉर्मात एकाऐवजी सहापर्यंत कारक घटक नोंदवण्याची सोय झाली, आणि हे घटक म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे त्या वेळचे मत आहे, असे प्रकाशित तक्त्यांसोबत स्पष्ट सांगितले जाऊ लागले. मत हे मत म्हणून छापणे एवढी साधी गोष्टही मला मोठी वाटते.

दोषाकडून कारणाकडे आणि कारणाकडून इजेकडे लक्ष वळवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांकडे जाते. ते साथरोगशास्त्राच्या वाटेने या विषयात आले, आणि १९६६ च्या कायद्यांनंतर अमेरिकेत महामार्ग सुरक्षेची जी केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख झाले. त्यांनी मांडलेला तक्ता आजही शिकवला जातो. एका बाजूला अपघातापूर्वीचा काळ, प्रत्यक्ष आघाताचा क्षण आणि आघातानंतरचा काळ, आणि दुसऱ्या बाजूला माणूस, वाहन आणि परिसर. या नऊ चौकटींपैकी पोलिसांचा कागद प्रामुख्याने एकच चौकट भरतो, ती म्हणजे अपघातापूर्वी चालकाने काय केले.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या मालट्रकवर रात्री मागून येणारी मोटार आदळते आणि पुढच्या आसनावरची दोन माणसे दगावतात. कागदावर ट्रकचालकाची हयगय आणि मोटारीचा अतिवेग येईल आणि तिथे प्रकरण थांबेल. हॅडन यांच्या तक्त्यात तोच अपघात घातला, तर प्रश्नांची रांग लागते. ट्रकच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टी होती का आणि ती धुळीने झाकली गेली होती का? थकलेल्या चालकाला ट्रक थांबवायला गेल्या पन्नास किलोमीटरांत जागा तरी होती का? ट्रकच्या मागचा आडवा दांडा इतका उंच किंवा इतका कमकुवत होता का, की मोटारीचे बॉनेट त्याखालून सरकले आणि आघात थेट काचेवर आला? तसे झाले असेल, तर सीटबेल्ट आणि एअरबॅग असूनही उपयोग होत नाही, कारण मोटारीचा जो पुढचा भाग चुरगळून आघात शोषून घेण्यासाठी घडवलेला असतो, त्याला काही लागलेलेच नसते. रुग्णवाहिका किती मिनिटांत आली आणि तिने जखमींना कोणत्या रुग्णालयात नेले? ज्या देशाच्या नोंदीत यांतला एकही रकाना नाही, तिथे दांड्याची उंची ठरवणारा नियम कोणत्या पुराव्यावर करणार किंवा बदलणार?

मृत्यूची मोजणी तरी सरळ असेल असे वाटते, पण तीही तशी नाही. अपघातानंतर किती दिवसांत प्राण गेले तर तो रस्त्यावरचा मृत्यू धरायचा? आज बहुतेक ठिकाणी तीस दिवसांची मर्यादा मान्य आहे, पण फ्रान्स २००४ अखेरपर्यंत सहाच दिवस मोजत होता, आणि स्पेनमध्ये १९९३ पूर्वी चोवीस तासांचा हिशेब होता. जपानच्या पोलिसांची जुनी आकडेवारीही चोवीस तासांचीच आहे, तीस दिवसांची मोजणी तिथे १९९३ पासून सुरू झाली. अतिदक्षता विभाग जसजसे सुधारतात तसतसे लोक चोवीस तासांच्या आत कमी मरतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अधिक, त्यामुळे मर्यादा तोकडी असेल तर रस्ते सुधारल्याचा भास होतो. तीस दिवसांची मर्यादा कागदावर असली, तरी रुग्णालयात विसाव्या दिवशी गेलेल्या माणसाची बातमी पोलीस ठाण्यातल्या मूळ नोंदीपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था असावी लागते. ती नसेल तर नियम तीस दिवसांचा आणि आकडा दोन दिवसांचा, असे होते.

पोलिसांच्या नोंदी आणि बाहेरचे अंदाज यांतली दरी किती मोठी असू शकते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालातून दिसले. २०१६ सालासाठी भारताचा अधिकृत आकडा १,५०,७८५ मृत्यू हा होता, तर संघटनेचा अंदाज २,९९,०९१ चा. असे अंदाज सांख्यिकी प्रारूपांवर बेतलेले असतात, ते डोळे झाकून स्वीकारू नयेत आणि दरवेळी सरकारने आकडे लपवले असा निष्कर्षही काढू नये. लपवण्यापेक्षा गळतीचा प्रश्न मोठा असतो. एकटाच घसरून पडलेला दुचाकीस्वार, रस्ता ओलांडताना धडक बसलेला आणि नातेवाइकांनी खासगी वाहनातून परस्पर रुग्णालयात नेलेला पादचारी, ज्यात दुसरा वाहनचालक सापडलाच नाही असा अपघात, हे सारे पोलिसांच्या चाळणीतून सहज निसटतात. म्हणजे जे सर्वांत असुरक्षित तेच आकड्यांत सर्वांत कमी दिसतात. स्वीडनने यावर सरळ उपाय केला. तिथल्या 'स्ट्राडा' या प्रणालीत पोलीस आणि रुग्णालये दोघेही नोंद करतात आणि एकाच अपघाताच्या दोन्ही नोंदी जुळवल्या जातात. १९९७ साली संसदेने रस्त्यावरचा एकही मृत्यू किंवा गंभीर इजा मान्य नाही असे धोरण स्वीकारल्यावर, गंभीर इजा मोजायच्या तर डॉक्टरांवाचून चालणार नाही, हे त्यांना मान्य करावेच लागले असणार.

गंभीर म्हणजे काय, हेही ठरवावे लागते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सुमारास अनेक पोलीस दलांनी नवी पद्धत घेतली. त्यापूर्वी इजा गंभीर की किरकोळ हे अधिकारी स्वतः ठरवत असे, नव्या पद्धतीत तो फक्त इजेचा प्रकार निवडतो आणि वर्गवारी प्रणाली करते. लगेच गंभीर जखमींचा आकडा वाढला. रस्ते तेच होते, माणसे तीच होती, बदलला होता तो फॉर्म. तिथल्या परिवहन खात्याने आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नये, असा इशारा दिला आणि जुळवून घेतलेले आकडे वेगळे प्रसिद्ध केले. आकडा वाढला की मंत्र्यांना प्रश्न विचारले जातात आणि घटला की सत्कार होतात. दोन्ही वेळी मधल्या काळात फॉर्म बदलला होता का, एवढे आधी विचारावे.

अमेरिकेतली प्राणघातक अपघातांची नोंदप्रणाली १९७५ पासून अखंड चालू आहे. प्रत्येक राज्यात नेमलेले विश्लेषक पोलिसांचा अहवाल, वाहनाची नोंदणी, चालक परवान्याचा इतिहास, मृत्यूचा दाखला, रुग्णवाहिकेची कागदपत्रे असे निरनिराळ्या दप्तरांतले तुकडे एका ठरलेल्या साच्यात बसवतात, आणि नावे-पत्ते काढून टाकलेली फाईल कोणालाही उतरवून घेता येते. प्राणघातक नसलेल्या अपघातांसाठी सरसकट नोंदीऐवजी नमुना निवडतात. त्यांतल्या काही अपघातांत प्रशिक्षित तपासनीस गाडी जिथे ठेवली असेल त्या यार्डात जाऊन पत्रा किती सेंटीमीटर आत गेला ते मोजतो आणि त्याची सांगड रुग्णालयातल्या इजेशी घालतो. सगळ्यांविषयी थोडे आणि थोड्यांविषयी सगळे, अशी ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. प्रत्येक अंमलदाराकडून प्रत्येक अपघाताचे शंभर रकाने भरून घेण्याचा हट्ट धरला, की ते भरले जातात खरे, पण सगळ्यांत सारखेच शब्द सापडतात.

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. अपघातांच्या फाईलमध्ये फक्त अपघात असतात, न झालेले अपघात त्यात नसतात. भारताच्या त्याच २०२२ च्या अहवालात सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाल्याचे आणि जवळपास तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानात झाल्याचे दिसते. यावरून सरळ रस्ता वळणापेक्षा धोकादायक आणि ऊन पावसापेक्षा घातक, असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. रस्त्यांची बहुतेक लांबी सरळच असते आणि वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच असतात, हे लक्षात घेतले की त्या निष्कर्षातली हवा जाते. राष्ट्रीय महामार्गांचेही तसेच आहे. देशातल्या रस्त्यांच्या लांबीत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आणि मृत्यूंत मात्र ३६ टक्के, ही तुलना भाषणांत हमखास येते. पण हेच महामार्ग देशातली सुमारे ४० टक्के वाहतूक वाहतात, असेही सरकारी कागदपत्रे सांगतात, आणि ते वाक्य बहुधा दुसऱ्या भाषणात असते. दोन्ही एकत्र ठेवली की चित्र बदलते. महामार्गावरचे मृत्यू त्यामुळे क्षम्य ठरत नाहीत, फक्त लांबी हा चुकीचा छेद होता एवढे कळते. योग्य छेद म्हणजे वाहनांनी मिळून किती किलोमीटर प्रवास केला तो, आणि तो मोजण्यासाठी वर्षभर, जागोजागी, दिवसरात्र वाहने मोजावी लागतात. त्याचा उपयोग केवढा, हे २०२० साली अमेरिकेत दिसले. महासाथीमुळे तिथला एकूण प्रवास सुमारे ११ टक्क्यांनी घटला आणि मृत्यू मात्र ३६ हजारांवरून ३९ हजारांवर गेले. प्रवासाची मोजणी नसती, तर ही किरकोळ वाढ समजून सोडून दिली गेली असती. छेद हाताशी असल्यामुळेच प्रत्येक किलोमीटरमागचा धोका एका वर्षात सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढल्याचे कळले.

न झालेल्या अपघातांची माहिती मिळवण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे रस्त्यावरून सुखरूप जाणाऱ्यांना थांबवून विचारणे. इंडियाना विद्यापीठाचे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी श्वासातले मद्य मोजणारे यंत्र १९५४ साली बनवले होते. १९६२-६३ मध्ये त्यांनी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघातात सापडलेल्या सुमारे सहा हजार चालकांची श्वासचाचणी घेतली, आणि जिथे पूर्वी अपघात झाले होते त्याच ठिकाणी, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळी जाणाऱ्या सुमारे साडेसात हजार चालकांचीही घेतली. दोन्ही गट शेजारी ठेवल्यावर मद्याच्या प्रमाणाबरोबर धोका कसा चढत जातो त्याची वक्ररेषा मिळाली, आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांतली मर्यादा तिच्या आधाराने ठरली. गंमत म्हणजे त्या वक्ररेषेत अगदी थोडे मद्य घेतलेले चालक न घेतलेल्यांपेक्षाही सुरक्षित दिसत होते. मद्यप्रेमींना ते आवडले असणार, पण वय आणि पिण्याची सवय यांचा हिशेब वेगळा केल्यावर तो खळगा बुजला.

हीच पद्धत राष्ट्रीय पातळीवर नेऊन अमेरिकेने १९७३, १९८६, १९९६, २००७ आणि २०१३-१४ अशी पाच वेळा रस्त्याकडेची सर्वेक्षणे केली. शुक्रवार-शनिवारच्या रात्री गाडी चालवणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात शंभर मिलीलिटरमागे ८० मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क होता, त्यांचे प्रमाण पहिल्या सर्वेक्षणात ७.५ टक्के होते आणि शेवटच्यात १.५ टक्के. चाळीस वर्षांत मद्यपी चालक खरोखर घटले की फक्त पकडले जाणारे घटले, हा वाद त्या दोन आकड्यांनी मिटवला. अपघातांच्या किंवा खटल्यांच्या कोणत्याही नोंदीतून तो मिटला नसता.

आणि याच सर्वेक्षणावरून मोठा गदारोळ झाला. २००७ पासून श्वासाबरोबर लाळ आणि रक्तही मागितले जाऊ लागले, कारण मद्याखेरीज इतर अमली पदार्थांचाही अंदाज हवा होता. सहभाग ऐच्छिक होता, नाव विचारले जात नव्हते, लाळेसाठी १० आणि रक्तासाठी ५० डॉलर दिले जात होते. पण २०१३ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे गाड्या रस्त्यावरून बाजूच्या मोकळ्या जागेत वळवण्याचे काम गणवेशातले पोलीस करत होते. रात्री पोलिसाने हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली, समोर नारिंगी शंकू मांडलेले, अंगावर जाकीट घातलेला माणूस खिडकीशी येऊन 'हे ऐच्छिक आहे' असे सांगतो. यातले ऐच्छिक किती जणांना ऐच्छिक वाटेल? त्यातच, संमतीची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच चालकाच्या भोवतालच्या हवेतले मद्य टिपणारे उपकरण वापरले जात असल्याचा उल्लेख फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत सापडला. लोक संतापले, आणि तिथल्या पोलीसप्रमुखांना माफी मागावी लागली.

या प्रकरणात मी दोन्ही बाजूंना आहे, आणि त्यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. माहिती अमोल होती. त्याच काळात व्हर्जिनिया बीच येथे अपघातग्रस्त तीन हजारांहून अधिक आणि इतर सुमारे सहा हजार चालकांची तुलना झाली. गांजाचा अंश सापडलेल्या चालकांचा धोका वरवर पाहता पंचवीस टक्क्यांनी जास्त दिसला, पण वय, लिंग वगैरेंचा हिशेब केल्यावर तो फरक जवळपास उरला नाही, मद्याचा धोका मात्र ठामपणे उरला. गांजा घेऊन गाडी चालवणे निर्धोक आहे, असा याचा अर्थ नाही. अंश सापडणे आणि त्या क्षणी नशेत असणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा कोणत्या मोजमापावर उभा करावा हे ठरवायला असाच अभ्यास लागतो. पण जो विभाग शिक्षा करतो त्याच्याच गणवेशातल्या माणसाने माहिती मागायला गाडी थांबवली, तर 'हे तुमच्याविरुद्ध वापरले जाणार नाही' या आश्वासनावर कोण विश्वास ठेवील? बोर्केनस्टाइन यांच्या काळात त्याच पद्धतीने लोक थांबले आणि फुंकून गेले. पन्नास वर्षांनी ते थांबायला तयार नव्हते, आणि या मधल्या काळात सरकारी माहितीसंग्रहाबद्दल लोकांना जे अनुभव आले, त्यांचा हिशेब सर्वेक्षण आखणाऱ्यांनी केलेला नव्हता.

हाच प्रश्न आता गाडीच्या आत शिरला आहे. नव्या मोटारींत एअरबॅगच्या नियंत्रकाबरोबर एक नोंदयंत्र असते. आघातापूर्वीचे सुमारे पाच सेकंद वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, पट्टा लावला होता का हे ते जपून ठेवते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे आहे. टॉर्चच्या उजेडात अंमलदाराला जे कळू शकत नव्हते, ते हे यंत्र सांगते. पट्ट्याचा तो अडलेला रकाना इथे आपोआप भरतो. पण ही माहिती कोणाची? अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने ती गाडीच्या मालकाची किंवा ती भाड्याने घेणाऱ्याची ठरवली, आणि न्यायालयाचा आदेश, मालकाची संमती अशा मोजक्या वाटा खुल्या ठेवल्या. ओळख उघड न करता रस्ता सुरक्षेच्या संशोधनासाठी वापर करणे ही त्यांतलीच एक वाट. मला ही रचना पटते, कारण संशोधन आणि खटला यांची दारे तिथे वेगवेगळी ठेवली आहेत.

एवढा खटाटोप करून हाती काय लागते, याचे माझे आवडते उदाहरण मोटारीच्या मागच्या काचेतल्या तिसऱ्या ब्रेकदिव्याचे आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत टॅक्सी आणि कंपन्यांच्या ताफ्यांतल्या गाड्यांवर तो बसवून पाहिला, तेव्हा मागून बसणाऱ्या संबंधित धडका निम्म्याच्या आसपास घटल्या. १९८६ च्या मॉडेलपासून तो सर्व मोटारींना सक्तीचा झाला. त्यानंतरही तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने मोजणी थांबवली नाही, आणि १९९८ च्या अहवालात दिव्याचा दीर्घकालीन परिणाम फक्त ४.३ टक्के असल्याचे स्वतःच जाहीर केले. सगळ्याच गाड्यांना दिवा लागल्यावर त्याचे नावीन्य संपले होते. पण दिवा इतका स्वस्त, की ४.३ टक्क्यांतही तो कित्येक पटींनी वसूल होतो. स्वतःच्या निर्णयाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाला, हे जे खाते छापते त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवायला तयार असतो.

याउलट, अपघातप्रवण स्थळांच्या बाबतीत असे आत्मपरीक्षण क्वचितच दिसते. भारतात राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू झाले, की ते स्थळ यादीत येते. यादी करणे योग्यच आहे. पण यादीत येणाऱ्या स्थळांपैकी काही खरोखर सदोष असतात आणि काहींची ती तीन वर्षे केवळ वाईट गेलेली असतात. दुसऱ्या प्रकारच्या स्थळांवर काहीही केले नाही तरी पुढच्या तीन वर्षांत अपघात घटणारच, आणि त्या आधी तिथे गतिरोधक किंवा रंगवलेले पट्टे आले असतील, तर श्रेय त्यांना मिळणार. संख्याशास्त्रात ही सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे, आणि तिचा हिशेब करण्याच्या पद्धतीही रस्ता अभियांत्रिकीत उपलब्ध आहेत. तरीही 'अमुक स्थळे दुरुस्त केली, अपघात इतक्या टक्क्यांनी घटले' अशा निवेदनांत दुरुस्त न केलेल्या तशाच स्थळांवर काय झाले, हा तुलनेचा स्तंभ मला फार कमी वेळा सापडला आहे.

भारतातली नवी एकात्मिक अपघात नोंदप्रणाली या साऱ्या पार्श्वभूमीवर मी उत्सुकतेने पाहतो. आयआयटी मद्रासने ती विकसित केली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबवली, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. अंमलदार मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रे घटनास्थळीच टिपतो, आणि त्याच नोंदीत परिवहन विभागाने वाहनाची, रस्त्याच्या मालक संस्थेने रस्त्याची आणि रुग्णालयाने इजेची माहिती भरायची असते. म्हणजे हॅडन यांच्या नऊ चौकटींसाठी निदान चार हात मिळाले. 'पुलाच्या अलीकडे' हा पत्ताही गेला.

माझी शंका पुढच्या टप्प्याविषयी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो, आणि ही संगणकीय नोंद त्या प्रक्रियेशी जोडली आहे. २०२५ च्या योजनेनुसार जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचारही तिच्याच आधारे मिळतात. पीडितांच्या दृष्टीने हे उत्तम आहे, आणि पैशांशी जोडल्यामुळे गळती कमी होईल हेही खरे. पण भरपाई अवलंबून असलेली नोंद पुन्हा दोषाकडेच ओढली जाणार. रस्त्याच्या मालक संस्थेने आपल्याच कठड्यात दोष होता असे त्याच फाईलमध्ये, दावा चालू असताना, लिहावे अशी अपेक्षा कशी ठेवायची? विमान अपघातांच्या चौकशीत सुरक्षेचा तपास आणि दायित्वाचा तपास जाणीवपूर्वक वेगळे ठेवतात. रस्त्यांच्या बाबतीत प्रत्येक अपघाताला ते परवडणार नाही, पण दरवर्षी काही शे प्राणघातक अपघातांचा नमुना निवडून अभियंता, डॉक्टर आणि वाहनतज्ज्ञ यांच्या पथकाने, न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही अशी कायदेशीर हमी घेऊन, त्यांची स्वतंत्र नोंद करणे अशक्य नाही. त्या नोंदी आणि मूळ प्रणालीतल्या नावे वगळलेल्या नोंदी अक्षांश-रेखांशांसह सर्वांना उतरवून घेता आल्या पाहिजेत. आज वार्षिक अहवालात मिळतात त्या बेरजा, आणि बेरजांवरून कोणत्या पुलाचा कठडा कुठे संपतो आणि त्याच्या टोकावर गाड्या कशा आदळतात हे कोणालाही तपासता येत नाही.